चेतकचा ताजा इनॅमल: पेपर कधी मारायचा आणि किती

जुनी बजाज चेतक स्कूटर सोलली, पत्रा सरळ केला, लांबी (पुट्टी) भरली, प्रायमर चढला आणि शेवटी रंगाचे तीन हात बसले. दुसऱ्या दिवशी उजेडात गाडी पाहिली की रंगात अडकलेले धुळीचे कण दिसायला लागतात. पॅनेलवर संत्र्याच्या सालीसारखा पोत दिसतो, लेग शील्डच्या (पायांपुढच्या पत्र्याच्या) खालच्या अंगाला एखादा ओघळही सापडतो. मग हात शिवशिवतात, की आठवडाभरात पेपर मारू (घासायच्या कागदाने पोत उतरवू), रबिंग करू (कंपाऊंड, म्हणजे घासून चमक आणणारी पेस्ट, चोळू) आणि मोकळे होऊ. पीयू (पॉलियुरेथेन) रंगावर हा हिशेब जमतो. इनॅमलवर तोच लावला तर पहिल्या दिवशी आरसा दिसतो आणि महिन्याभरात रंग मलूल पडून पेपरचे ओरखडे पुन्हा वर येतात. इनॅमलला सगळ्यात जास्त लागतो तो वेळ. घासावं लागतं थोडंच.

डब्यात नक्की काय होतं?

इनॅमल या एकाच नावाखाली तीन वेगळे प्रकार विकले जातात. पहिला साधा सिंथेटिक इनॅमल, म्हणजे दारं, ग्रील आणि ट्रकच्या बॉडीला लावतात तो. बोलताना आपण त्याला ऑइलपेंटच म्हणतो. दुसरा हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं रसायन, मिसळून मारलेला सिंथेटिक. तिसरा भट्टीचा, साधारण १२० ते १४० अंश सेल्सिअसला वीस ते तीस मिनिटं भाजून पक्का केलेला. चेतकसारख्या गाड्या कारखान्यातून भाजलेल्या रंगात यायच्या. गल्लीतल्या पेंटरकडे भट्टी नसते, म्हणून रिस्टोरेशनमध्ये बहुतेक वेळा पहिला किंवा दुसरा प्रकार असतो.

पेंटरने काय मारलंय हे ठाऊक नसेल तर पॅनेलच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी, एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये बुडवलेला कापूस टेकवून पाहा. रंग सुरकुतला किंवा फुगून उचलला तर तो साधा इनॅमल, अजून कच्चा. रंग सरळ विरघळून कापसावर आला तर ते एनसी लॅकर. अर्ध्या मिनिटानंतरही फारसा फरक पडला नाही तर हार्डनरवाला किंवा भाजलेला.

साधा इनॅमल दोन टप्प्यांत वाळतो. आधी त्यातलं टर्पेंटाइन उडून जातं, त्याला काही तास पुरतात. मग रंगातल्या तेलाचे रेणू हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांत गुंफले जातात, आणि इथे आठवडे लागतात. ऑक्सिजन वरून आत शिरतो, म्हणून दुधावर साय धरावी तसा आधी वरचा थर घट्ट होतो आणि खालचा मऊ राहतो. बोटाला चिकटत नाही म्हणून रंग वाळला असं समजणं म्हणजे साय पाहून दूध घट्ट झालं म्हणण्यासारखं आहे.

किती दिवस थांबायचं

साधा इनॅमल पातळ हातांनी मारला असेल आणि हवा कोरडी असेल तर निदान चार आठवडे. जाड हात बसले असतील किंवा पावसाळा असेल तर सहा ते आठ. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत आषाढात रंगवलेल्या गाडीला गणपतीपर्यंत हात न लावलेला बरा. हार्डनरवाल्याला साधारण तीन ते सात दिवस पुरतात; डब्यावर दिलेली मुदत पाहा, आणि तिच्या फार पुढेही जाऊ नका, कारण पुरता कडक झाल्यावर तो घासायला जड जातो. भट्टीतला रंग दुसऱ्या दिवशी, पत्रा पूर्ण गार झाल्यावर घासता येतो.

थांबायच्या काळात सुटे भाग हवेशीर जागी, एकमेकांना न टेकवता ठेवा. पहिला आठवडा सावलीत. दुपारच्या उन्हात ताजा रंग ठेवला तर वरची साय झटकन बंद होते, आत अडकलेलं टर्पेंटाइन तापून बाहेर पडायची वाट शोधतं आणि रंगावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळचं कोवळं ऊन चालेल. प्लास्टिक किंवा ताडपत्रीने झाकू नका, कारण रंगाला हवाच हवी आहे. पांढऱ्या किंवा क्रीम रंगाची गाडी अंधाऱ्या खोलीत बंद ठेवली तर इनॅमल पिवळसर पडतो. उजेडात आणल्यावर त्यातला बराचसा पिवळेपणा जातो, म्हणून घाबरून लगेच पुन्हा रंगवायला घेऊ नका.

दिवस मोजण्यापेक्षा रंगालाच विचारलेलं चांगलं. आतल्या कडेला नख दाबा. खूण उमटून तशीच राहिली तर रंग कच्चा आहे. नाक जवळ नेऊन वास घ्या. टर्पेंटाइनचा वास येत असेल तर अजून थांबा. सगळ्यात खात्रीची परीक्षा पेपरचीच. साबणपाण्यात भिजवलेला २००० नंबरचा पेपर आतल्या कोपऱ्यात दहा वेळा हलक्या हाताने फिरवा. पाणी रंगीत, दुधासारखं सुटलं तर कामाला लागा. पेपरवर खोडरबरासारख्या बारीक चिकट वळ्या जमल्या तर आणखी दोन आठवडे विसरून जा.

घाई केल्यावर नक्की काय होतं, तेही लक्षात घ्या. मऊ रंगावर पेपर कापत नाही, ओढतो. वर रबिंगची उष्णता आणि कंपाऊंडमधलं द्रावण पोचलं की रंग किंचित फुगतो, ओरखडे त्या फुगवट्यात बुजल्यासारखे दिसतात आणि गाडी चमकते. पुढच्या काही आठवड्यांत रंग आवळतो आणि बुजलेलं सगळं वर येतं. दोष कंपाऊंडच्या कंपनीला दिला जातो, चूक मात्र कॅलेंडरची असते.

मुळात घासायची गरज आहे का?

गाडी ट्यूबलाइटखाली उभी करा आणि पॅनेलमध्ये नळीचं प्रतिबिंब पाहा. कडा थोड्या लहरी असतील, पण नळी अखंड दिसत असेल तर पूर्ण पॅनेल घासायच्या भानगडीत पडू नका. चेतक १९७२ मध्ये आली तेव्हापासून तिच्या कारखान्यातल्या रंगालाही थोडा सालीचा पोत असायचा. शोरूमच्या महागड्या गाडीसारखा काचेचा सपाटपणा हा अलीकडचा हट्ट आहे, मूळपणाचं लक्षण नव्हे. नुसते धुळीचे कण असतील तर तेवढेच उतरवा. नळीचे तुकडे तुकडे दिसत असतील, तरच पूर्ण पॅनेल घ्या.

वर क्लिअर कोट (पारदर्शक थर) नसलेला मेटॅलिक रंग असेल तर पेपर अजिबात नको. रंगातली ॲल्युमिनियमची बारीक चकती कापली जाते आणि तिथे कायमचा डाग दिसतो.

आता जाडीचा हिशेब. स्प्रेने मारलेल्या इनॅमलचा एक हात वाळल्यावर साधारण २० ते ३० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) भरतो, म्हणजे तीन हातांत साठ ते नव्वद. सालीचा पोत उतरवायला पाच ते दहा मायक्रॉन जातात, पॉलिशमध्ये आणखी दोन-तीन. एवढं परवडतं. दोनच हात असतील तर सपाट जागी चालेल, पण कडांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, तिथे हात आवरा. जाडी मोजायचं यंत्र असेल तर एक ध्यानात ठेवा: ते पत्र्यापासून वरपर्यंतचं सगळं मोजतं, प्रायमर आणि लांबीसकट. ३०० आकडा आला म्हणून रंग भरपूर आहे असं नाही, खाली लांबीच असू शकते. त्यामुळे यंत्राचा खरा उपयोग फरक पाहायला. घासण्याआधी एका जागेचं माप घ्या, नंतर त्याच जागेचं घ्या; वजाबाकी दहाच्या वर गेली की थांबा.

सामान

एका चेतकसाठी वॉटर पेपर: १५०० चे चार कागद, २००० चे सहा, २५०० किंवा ३००० चे चार. कागदाच्या मागे नंबरआधी ‘पी’ हे अक्षर छापलेलं आहे का, ते पाहा. मोजमापाच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. अमेरिकन मापातला ६०० हा ‘पी’ मापातल्या १२०० च्या जवळ जातो, त्यामुळे दोन पद्धतींचे कागद मिसळले तर सगळं गणित चुकतं. पी १५०० वरचा कण साडेबारा मायक्रॉनच्या आसपास असतो, पी २००० वरचा दहा, पी २५०० वरचा आठच्या थोडा वर.

शिवाय रबरी ब्लॉक, मऊ फोमचा एक तुकडा, स्वच्छ बादल्या दोन, भांडी घासायच्या द्रव साबणाचे काही थेंब, पाणी ओढायची छोटी रबरी पुसणी, चांगल्या प्रतीची मास्किंग टेप, सात-आठ मायक्रोफायबर फडकी. कंपाऊंड दोन प्रकारचं, मध्यम कापणारं आणि बारीक, प्रत्येकी पाव किलो पुरून उरतं. सिलिकॉन आणि अमोनिया नसलेलं घ्या: सिलिकॉन उरलं तर पुढे डागडुजीचा रंग मारताना माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात, आणि अमोनिया ताज्या इनॅमलला मऊ करतो. बोअरवेलचं क्षाराचं पाणी शेवटच्या धुण्याला टाळा.

मशीन वापरायचं असेल तर वेग कमी-जास्त करता येणारं पॉलिशर हवं, तीन इंची पॅडसकट. अँगल ग्राइंडरला बफ लावून काम उरकायची पद्धत गॅरेजांत सर्रास दिसते. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो; पॉलिशला हजार-बाराशे पुरतात. इनॅमल तिथे काही क्षणांत जळतो.

आधी कण आणि ओघळ

मडगार्ड, साइड पॅनेल, हॉर्न कव्हर, ग्लोव्ह बॉक्स सुटेच ठेवून काम करा. गाडी जोडल्यावर कोपऱ्यांत हात पोचत नाही, आणि बीडिंगखाली (कडेच्या पट्टीखाली) कंपाऊंड अडकलं तर पांढरी रेघ वर्षभर निघत नाही.

धुळीच्या एकट्या कणासाठी २००० च्या कागदाचा तुकडा खोडरबरावर गुंडाळा आणि कणावर फक्त पाच-सहा फेऱ्या मारा. आजूबाजूची चमक मेली की कण गेला. मग तेवढीच जागा ३००० ने आणि नंतर बारीक कंपाऊंडने उठवा.

ओघळ हा निराळा प्राणी आहे. तिथे रंग चौपट जाड असतो, म्हणून बाकी गाडी तयार झाली तरी ओघळ आतून ओलाच असतो. त्याला आणखी दोन-तीन आठवडे द्या. घाईने कापला तर वरची साय उचकटते आणि खाली चिकट खड्डा उघडा पडतो. मग तो भाग पुन्हा रंगवण्यावाचून गत्यंतर नाही. तयार झाल्यावर ओघळाच्या दोन्ही बाजूंना टेप लावा, म्हणजे शेजारचा चांगला रंग वाचतो. छोट्या कडक लाकडी ठोकळ्यावर १००० चा कागद बसवून फक्त उंचवटा उतरवा. ठोकळा टेपला घासायला लागला की टेप काढा आणि १५०० वर या. बोटाने कधीही घासू नका. बोट उंचवट्यावरून घसरतं आणि दोन्ही बाजूंना खोबण पाडतं.

पेपर मारणं

कागद अर्धा तास साबणपाण्यात भिजवा. एका बादलीत कागद बुडवायचा, दुसरीत खळखळायचा. तळाशी बसलेला एक वाळूचा कण सगळी मेहनत वाया घालवतो, म्हणून कागद जमिनीवर पडला तर पुसून परत वापरू नका, फेकाच.

काम सुरू करण्याआधी पॅनेलच्या सगळ्या कडांना आणि उठलेल्या रेघांना सहा मिलिमीटर रुंद टेप लावा. ताज्या इनॅमलवर टेप तासाभराच्या वर ठेवू नका, तिचा ठसा उमटतो.

साइड पॅनेलचा फुगीर भाग घ्या. हातभर जागा ठरवा, पाणी शिंपडा, ब्लॉकवर १५०० चा कागद घेऊन सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा. दाब नुसत्या हाताच्या वजनाचा. ब्लॉक आधी पाण्यावर तरंगल्यासारखा सुळकन जातो, मग हळूहळू बारीक खरखर ऐकू येते, आणि साल उतरत आली की तो पृष्ठभागाला चिकटून ओढल्यासारखा वाटतो. दहा-बारा फेऱ्यांनी थांबा, रबरी पुसणीने पाणी ओढा आणि तिरकस उजेडात पाहा. उंच भाग मळकट, बोथट दिसतात. खड्ड्यांत अजून चमक टिपक्यांसारखी उरलेली असते. टिपके मोहरीएवढे राहिले की १५०० चं काम संपलं. शेवटचा टिपका घालवायच्या नादात प्रायमर दिसतो. तेवढी साल तशीच राहू द्या, पॉलिशनंतर ती कुणाला दिसणार नाही.

आता २००० चा कागद, आधीच्या दिशेला आडवा. दिशा बदलली की १५०० च्या रेघा उभ्या दिसतात आणि त्या गेल्या की नाही ते कळतं. त्या सगळ्या गेल्यावरच २५०० किंवा ३००० घ्या, पुन्हा पहिल्या दिशेने. इथे आळस केला तर पॉलिशमध्ये दुप्पट वेळ जातो, कारण राहिलेला १५०० चा ओरखडा कंपाऊंडने काढायचा म्हणजे उष्णता आली.

मडगार्डच्या गोलाईवर कडक ब्लॉक चालत नाही. तिथे मऊ फोम घ्या. मधल्या धारेवर पेपर नकोच. लेग शील्डच्या आतल्या बाजूला, जिथे गुडघ्यांखेरीज कुणाचं लक्ष जात नाही, तिथे फक्त कण काढा आणि पुढे चला.

पाण्यात रंग उतरलेला पाहून दचकू नका. क्लिअर कोट नसलेल्या रंगाचं पाणी रंगीतच येणार. रंगीत पाण्याचा रंग बदलून प्रायमरची करडी किंवा विटकरी छटा दिसली, तर मात्र हात तिथेच थांबला पाहिजे.

टेप काढल्यावर राहिलेल्या कडा ३००० ने हाताने दोन-तीनदाच पुसल्यासारख्या करा. सगळं स्वच्छ पाण्याने धुऊन निदान एक दिवस वाळू द्या.

पॉलिश

जागा सावलीची, पत्रा गार. हाताने करायचं असेल तर मऊ सुती कापडाची घट्ट पुरचुंडी करा, तिला किंचित पाणी लावा, मटाराएवढं मध्यम कंपाऊंड घ्या आणि वीतभर जागेत सरळ फेऱ्या मारा. एका चेतकला हाताने दोन पूर्ण दिवस जातात. इनॅमल मूळचा मऊ असल्यामुळे हाताने तो छान उठतो, आणि जळायची भीती जवळजवळ नसते. पहिल्यांदाच करत असाल तर हाच मार्ग धरा.

मशीनवर इनॅमलसाठी फोमचा पॅड वापरा. लोकरीचा पॅड झपाट्याने कापतो, पण मऊ रंगावर जाळीसारख्या गोल रेघा सोडतो, आणि त्या काढायला पुन्हा फोमच लागतो. चाळीस सेंटिमीटर चौरसाला मटाराएवढे तीन-चार ठिपके. पॅड टेकवूनच मशीन सुरू करा, नाहीतर कंपाऊंड भिंतीवर जातं. सहाशेच्या वेगाने पसरवा, मग हजार ते बाराशेवर चार-पाच फेऱ्या, प्रत्येक फेरी आधीच्या निम्म्यावर चढवून. मशीन सतत हलतं ठेवा. दर फेरीनंतर हाताची मागची बाजू पत्र्याला लावून पाहा. हात आरामात टेकत नसेल तर थांबा, गार होऊ द्या. कंपाऊंड कोरडं पडून पॅड चिकटायला लागला तर पाण्याचा हलका फवारा मारा. आणि दर दोन पॅनेलनंतर पॅड ब्रशने झाडा. त्यात जमलेला रंग पुन्हा गाडीवरच घासला जातो.

कडेजवळ पॅड नेहमी पत्र्यावरून बाहेरच्या दिशेला फिरत जाईल असा धरा. बाहेरून कडेवर चढणारा पॅड कडेचा रंग सोलून काढतो. वायर खांद्यावरून मागे टाका. उठलेल्या रेघा आणि कडा शेवटी हातानेच करा.

मग स्वच्छ, वेगळा मऊ फोम आणि बारीक कंपाऊंड, वेग तोच किंवा थोडा कमी, दाब जवळपास शून्य. काळ्या आणि गडद मरून रंगावर हा टप्पा दोनदा लागतो. क्रीम, पांढरा, फिकट निळा एकदाच. मोबाइलची टॉर्च तिरपी धरून पाहा, ट्यूबलाइट गोल रेघा लपवते.

बिघडलंच तर

प्रायमर उघडा पडला तर पॉलिशने तो झाकत नाही. त्या पॅनेलला किमान आणखी महिना द्या, ८०० ने हलकं खरवडा आणि पूर्ण पॅनेलवर एक पातळ हात मारा. पातळ करायला टर्पेंटाइन किंवा त्याच इनॅमलसाठी सांगितलेलं थिनर. एनसी थिनर घातलं तर जुना इनॅमल उचलून सुरकुततो. मधल्या काळात, म्हणजे पहिल्या दिवसानंतर आणि रंग पुरता पिकायच्या आत, वरून हात मारला तरीही हीच सुरकुती येते.

चमक दोन-तीन आठवड्यांनी मंदावली तर रंग अजून आवळतोय असं समजा. लगेच पुन्हा घासू नका. महिनाभराने बारीक कंपाऊंडची एकच फेरी बहुधा पुरते, आणि तेव्हा जमलेली चमक टिकते.

पुढचे दोन-तीन महिने

वॅक्स निदान साठ दिवस नको, नव्वद झाले तर उत्तम; वॅक्स हवेची वाट अडवतं. धुवायला साधं पाणी आणि मऊ कापड. बीडिंग, रबर आणि बॅज बसवताना खाली पातळ फडकं ठेवा, ताज्या रंगावर धातूची कड सहज रुतते.

चेतकची टाकी सीटखाली उघडते. पेट्रोल भरताना सांडलेले थेंब सरळ बॉडीवरून खाली पॅनेलवर ओघळतात, आणि कच्च्या इनॅमलला पेट्रोल टर्पेंटाइनइतकंच मऊ करतं. पहिले तीन महिने पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरू नका, आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये एक ओलं फडकं ठेवा. थेंब सांडला तर घासायचं नाही. फडकं टेकवून टिपायचं आणि वरून पाणी ओतायचं.